थंड करा, पण दवबिंदूच्या वर राहून

मुंबई उपनगरातली दहा बाय बाराची खोली, तिसरा मजला. अॅनिमेशनच्या कामासाठी इंटेलच्या कोअर आय९-१४९००के प्रोसेसरचा संगणक. दिवसा माणूस कामाला बसतो तेव्हा एसी २४ अंशांवर असतो. रात्री एसी बंद, खिडकी उघडी, आणि मशीन सकाळपर्यंत रेंडर, म्हणजे अॅनिमेशनची अंतिम चित्रं तयार करत राहतं. ३६० मिमीचा तयार लिक्विड कूलर बसवलेला आहे, तरी रेंडर सुरू होताच काही सेकंदांत कोर १०० अंशांना टेकतात आणि वेग आपोआप खाली येतो. मागणी अशी: तापमान ६५च्या आसपास आणा, त्यासाठी पाणी बर्फासारखं गार करावं लागलं तरी चालेल, पण मशीन बारा महिने, रोज, कुणी राखण न करता चाललं पाहिजे.

मागणीतला शेवटचा तुकडा सगळ्यात अवघड आहे. एका संध्याकाळपुरता प्रोसेसर उणे तापमानाला नेणारे भरपूर आहेत. द्रव नायट्रोजन उणे १९६ अंशांचा असतो. तो ओतून विक्रम होतात आणि नंतर बोर्ड वाळत घालावा लागतो. रोजच्या वापरात वाळवायला सवड नसते.

उष्णता किती, आणि कुठे

या प्रोसेसरची कमाल टर्बो पॉवर २५३ वॅट. प्रत्यक्षात अनेक मदरबोर्ड मर्यादेच्या जागी ४०९६ वॅट असा आकडा भरून येत, म्हणजे मर्यादा नसल्यातच जमा. तसं असेल तर पूर्ण भारात ३०० वॅटच्या वर सहज जातं. या प्रकरणात पहिली चूक तिथेच होती.

पण ३०० वॅट हा आकडा एकटा फसवा आहे. खरी अडचण जागेची. सिलिकनचा तुकडा साधारण २५७ चौरस मिमीचा, अंगठ्याच्या नखाहून जरा मोठा. २५३ वॅट धरले तरी चौरस सेंटिमीटरला जवळपास १०० वॅट होतात. घरातल्या २००० वॅटच्या इंडक्शन शेगडीवर २० सेंटिमीटरचं भांडं ठेवलं तर हाच हिशेब चौरस सेंटिमीटरला साडेसहा वॅटच्या आत येतो. म्हणजे शेगडीच्या पंधरा पट दाट उष्णता, तीही एका नखाएवढ्या जागेतून बाहेर काढायची. म्हणून रेडिएटर कितीही मोठा लावला तरी कोर आणि पाणी यांच्यातला फरक हटत नाही. चांगला ब्लॉक (प्रोसेसरवर बसणारा, आतून पाणी वाहणारा ठोकळा) आणि चांगला संपर्क असेल तर उष्णतेच्या वाटेतला हा रोध वॅटमागे ०.१८ अंशाच्या आसपास धरता येतो. २५३ वॅटला कोर पाण्यापेक्षा ४५ अंश वर राहणार, मग पाणी कसंही गार करा.

पाणी खोलीपेक्षा गार केलं तर

पाणी १५ अंशांनी उतरवलं की कोरही १५ अंशांनी उतरतो. हिशेब इतका सरळ आहे की मोह होतोच, आणि हा मोह जुना आहे. क्रायोटेक या अमेरिकी कंपनीने २०००च्या सुरुवातीला फ्रिजसारखा कॉम्प्रेसर बसवलेला, एएमडीच्या अॅथलॉन प्रोसेसरचा एक गिगाहर्ट्झचा संगणक विकायला काढला. एएमडीचा स्वतःचा एक गिगाहर्ट्झचा प्रोसेसर ६ मार्च २०००ला आला. डेन्मार्कच्या असेटेकचा व्हेपोचिल त्याच काळातला. त्यात प्रोसेसर बसतो त्या सॉकेटभोवती फोम आणि बारीक हीटर असत. थंडावा जिथे नको तिथे पोचला की पाणी सुटतं, म्हणून प्रोसेसर गार करायचा आणि त्याच्या शेजारची जागा मुद्दाम गरम ठेवायची.

अलीकडचा प्रयत्न इंटेलचा: २०२०च्या अखेरीला आलेलं क्रायो कूलिंग तंत्रज्ञान. ईकेचा पाण्याचा ब्लॉक आणि कूलर मास्टरचा एमएल३६० सब-झीरो ही त्यावरची उत्पादनं. ब्लॉकमध्ये पेल्टिअर पट्टी, म्हणजे वीज दिली की एक बाजू गार आणि दुसरी गरम होणारी; ती स्वतः २०० वॅटपर्यंत वीज खाते. सोबत तापमान आणि आर्द्रता मोजून दवबिंदू, म्हणजे ज्या तापमानाला हवेतली वाफ पाणी होऊन जमू लागते तो आकडा, काढणारं कंट्रोलर सर्किट. 'क्रायो' मोडमध्ये ते पट्टीला दवबिंदूच्या खाली जाऊ देत नसे. 'अनरेग्युलेटेड' मोडमध्ये ती जबाबदारी वापरणाऱ्यावर. कल्पना सगळ्यात शहाणी होती. तरी २०२३च्या जुलैत इंटेलने ती बंद करत असल्याचं जाहीर केलं.

तिची दुखरी जागा समजून घेण्यासारखी आहे. पेल्टिअर पट्टी ठरावीक वॅटपर्यंतच उष्णता ओढू शकते. त्याच्या वर भार गेला की ती वाटेत बसवलेल्या सिरॅमिकच्या फरशीसारखी वागते. उष्णता अडते, आणि साध्या पाण्याच्या ब्लॉकपेक्षा कोर जास्त तापतो. हलक्या कामाला, गेमला ती शोभून दिसे. सगळे कोर भरून चालणाऱ्या रेंडरला उलटी पडे. शिवाय प्रोसेसरचे आणि पट्टीचे स्वतःचे असे सगळे वॅट शेवटी रेडिएटरवरच येतात. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर स्वस्तात मिळणारी टीईसी१-१२७०६ पट्टी यासाठी आणण्याचा विचारही करू नका. नावातले १२७ म्हणजे जोड्या, ०६ म्हणजे ६ अँपिअर. दोन्ही बाजू एकाच तापमानाला असतील तेव्हा ती फार तर ५०-६० वॅट ओढते, आणि फरक वाढेल तसं तेही घटत जातं. २५० वॅटच्या प्रोसेसरखाली ती काही सेकंदांतच हात टेकते.

मग उरतो चिलर, म्हणजे मासे पाळणारे टाकीला लावतात तसा कॉम्प्रेसरवाला. क्षमतेच्या दृष्टीने तो पुरेसा असतो. प्रकरण अडतं ते हवेतल्या ओलाव्यापाशी.

दवबिंदू

जुलैच्या रात्री खिडकी उघडी, खोली ३० अंश, आर्द्रता ८० टक्के. या हवेचा दवबिंदू २६.२ अंश. आर्द्रता ८५ झाली तर २७.२. म्हणजे २६ अंशांची नळीसुद्धा भिजणार. गार पाण्याचा तांब्या टेबलावर ठेवला की बाहेरून थेंब जमतात, तेच. एसी लावून खोली २४ अंश आणि ५० टक्क्यांवर आणली तर दवबिंदू १३ वर उतरतो. २६ अंश आणि ५५ टक्क्यांना १६. याउलट सोलापूरच्या एप्रिलात ३८ अंश आणि २० टक्के असताना दवबिंदू ११ अंशांवर असतो. हवा तापलेली असली तरी ती कोरडी आहे. तिथे चिलर २० अंशांवर लावला तरी काही बिघडत नाही. चिलर चालेल का, हे खोलीतल्या उकाड्यावरून नव्हे, ओलाव्यावरून ठरवायचं.

आता या खोलीत दिवसा चिलर १८ अंशांवर लावला असं धरू. एसी चालू आहे, दवबिंदू १३, पाच अंशांची सवड आहे, सगळं कोरडं. संध्याकाळी एसी बंद करून खिडकी उघडली की दवबिंदू काही मिनिटांत २६च्या दिशेने चढतो. पाणी मात्र १८ अंशांवरच आहे, कारण चिलर इमानदारीने काम करतोय. पहिले थेंब ब्लॉकच्या फिटिंगवर दिसतात. ते दिसतात म्हणून ठीक. वाईट जागा म्हणजे सॉकेटचं पोट आणि मदरबोर्डची पाठ, जिथे नजर पोचत नाही. तिथल्या १७०० पिनांमध्ये ओल धरली की तांबं कळकतं, आणि विजेच्या दाबाखाली धातूचे सूक्ष्म तंतू एका टोकाकडून दुसऱ्याकडे वाढत जातात. मशीन बंद केलं म्हणून हे थांबत नाही. पाच व्होल्टचा स्टँडबाय पुरवठा आणि बोर्डावरची तीन व्होल्टची बटण-सेल चालूच असते. बिघाड लगेच दिसत नाही. काही आठवड्यांनी एखादा रॅमचा चॅनेल नाहीसा होतो, आणि दोष रॅमवर ढकलला जातो.

फोम लावून भागेल का, हा पुढचा प्रश्न. एसीवाले तांब्याच्या पाइपवर चढवतात तो काळा नायट्राइल रबरचा फोम यासाठी योग्य आहे. पण जाडीचा हिशेब करा. हवा ३० अंश, ८५ टक्के. पाणी १५ अंश. फोमचा बाहेरचा पृष्ठभाग २७.२च्या वर राहायला हवा, म्हणजे एकूण १५ अंशांच्या फरकातले फक्त २.८ अंश बाहेरच्या हवेच्या थरात पडले पाहिजेत. फोमची वाहकता ०.०३६ आणि हवेचा पृष्ठभाग-गुणांक ८ धरला तर सपाट जागेवर सुमारे २० मिमी जाडी लागते. नऊ मिमीच्या फोमवरून पावसाळ्यात एसीचा पाइप का टपकतो त्याचं उत्तर हेच. ब्लॉकभोवती, रॅमच्या पट्ट्या आणि व्हीआरएमचे (प्रोसेसरला वीज पुरवणाऱ्या सर्किटचे) हीटसिंक यांच्या दाटीत २० मिमीचा फोम कुठेही फट न ठेवता बसवणं जवळजवळ अशक्य आहे. आणि एक फट पुरते. फोमखाली शिरलेली ओल मग वाळतही नाही.

ज्यांना तरीही चिलर हवा असेल त्यांनी तो ठरावीक आकड्यावर लावू नये. पाणी दवबिंदूपेक्षा किमान ३ अंश वर राहील अशा बेताने कंट्रोलर चालवावा. ८० टक्क्यांच्या आसपास आर्द्रतेत २ टक्क्यांची चूक झाली तर दवबिंदू ०.४ अंशाने चुकतो. तापमानाच्या सेन्सरची चूक आणि कॉम्प्रेसरचा चालू-बंदचा झोका धरून ३ अंश म्हणजे उधळपट्टी नव्हे. आर्द्रतेचा सेन्सर घरी तपासता येतो. घट्ट झाकणाच्या डब्यात एका बाटलीच्या बुचात मीठ घ्या, थेंब-थेंब पाणी घालून चिखलासारखं करा, शेजारी सेन्सर ठेवून डबा रात्रभर बंद ठेवा. सकाळी ७५ टक्के दिसायला हवेत. जितका फरक दिसेल तितका कंट्रोलरमध्ये वळता करा. सेन्सरची वायर तुटली तर चिलर बंद पडला पाहिजे आणि पंप चालू राहिला पाहिजे, उलट नको.

या खोलीत मात्र पावसाळ्यातल्या रात्री अशा चिलरला पाणी २९ अंशांच्या खाली नेता येणार नाही. खोली ३० अंशांची. पाणी खोलीपेक्षा एका अंशाने गार ठेवण्यासाठी कॉम्प्रेसर, त्याचा आवाज आणि खोलीतच ओतली जाणारी त्याची उष्णता पत्करायची, हे आमच्या मते पटणारं नाही. चिलर बाद.

१५ अंश दुसरीकडून काढले

पॉवर लिमिट २५३ वरून २०० वॅटवर आणली तर ०.१८च्या हिशेबाने कोर-पाणी फरक ४५ वरून ३६ वर येतो. नऊ अंश एका आकड्यात मिळाले. वेग? वारंवारिता वाढवली की व्होल्टेजही वाढवावं लागतं, म्हणून वॅट साधारण वेगाच्या घनाच्या पटीत वाढतात. उलट बाजूने पाहिलं तर २१ टक्के वॅट सोडल्यावर वेग ढोबळमानाने सात-आठ टक्केच जातो. आठ तासांच्या रेंडरला पाऊण तासाच्या आत भर पडते, आणि रात्री कुणी घड्याळाकडे बघत बसलेलं नसतं.

व्होल्टेजचा मुद्दा तापमानाहून मोठा आहे, आणि या प्रोसेसरच्या बाबतीत तो टाळून चालणार नाही. इंटेलच्या १३व्या आणि १४व्या पिढीतले प्रोसेसर अस्थिर होण्याचं मूळ कारण कंपनीने २०२४च्या सप्टेंबरमध्ये सांगितलं: कोरमधल्या क्लॉकच्या सर्किटची जास्त व्होल्टेज आणि जास्त तापमानात होणारी झीज. झिजलेल्या प्रोसेसरला त्याच वेगासाठी जास्त किमान व्होल्टेज लागू लागतं. ऑगस्टच्या ०x१२९ मायक्रोकोडने (प्रोसेसरच्या आतल्या, अपडेट करता येणाऱ्या सूचनांनी) १.५५ व्होल्टच्या वरच्या मागण्या अडवल्या, सप्टेंबरच्या ०x१२बी ने निवांत आणि हलक्या भारातल्या जादा मागण्याही. झालेली झीज मात्र मायक्रोकोडने भरून येत नाही.

यात थंडाव्याची एक मेख आहे. थर्मल व्हेलॉसिटी बूस्ट ही सोय कोर ७० अंशांच्या खाली असेल तरच ६ गिगाहर्ट्झची परवानगी देते. म्हणजे जितकं गार, तितका प्रोसेसर वरच्या वेगाला आणि त्यासाठी वरच्या व्होल्टेजला हात घालणार. कूलिंग वाढवून व्होल्टेज मोकळं सोडलं तर टिकाऊपणाच्या नावाखाली झीजच वाढवली जाते. म्हणून बायॉसमध्ये (मदरबोर्डच्या मूळ सेटिंगमध्ये) हे बदल, याच क्रमाने: ०x१२बी किंवा त्यानंतरचा मायक्रोकोड असलेलं बायॉस, इंटेल डिफॉल्ट प्रोफाइल, पीएल१ आणि पीएल२ (दीर्घ आणि अल्प काळाच्या पॉवर लिमिट) दोन्ही २०० वॅट, करंटची मर्यादा ३०७ अँपिअर, थर्मल व्हेलॉसिटी बूस्ट बंद आणि कमाल वेग ५.६ गिगाहर्ट्झ, आयए व्हीआर व्होल्टेज लिमिट (कोरच्या व्होल्टेजची कमाल मर्यादा) १४०० मिलिव्होल्ट. अंडरव्होल्ट, म्हणजे व्होल्टेज मुद्दाम कमी करणं, हवंच असेल तर सगळ्यात शेवटी, २५ मिलिव्होल्टच्या पायरीने.

संपर्क

या प्रोसेसरच्या एलजीए१७०० सॉकेटची कडी प्रोसेसरला मधोमध दोन बाजूंनी दाबते. त्याने प्रोसेसरचं धातूचं झाकण किंचित वाकतं आणि ब्लॉक कडांवर टेकतो, मध्ये पेस्टचा थर जाड राहतो. उपाय म्हणजे कडीच्या जागी बसणारी, सगळीकडून सारखी दाबणारी अॅल्युमिनिअमची कॉन्टॅक्ट फ्रेम. यात वॉरंटीचा प्रश्न येऊ शकतो, तो आधी समजून घ्या. बोर्ड टेबलावर आडवा ठेवा, कारण कडीचे चार स्क्रू काढले की मागची पट्टी निसटते. प्रोसेसर जागेवरून उचलू नका. फ्रेमचे स्क्रू समोरासमोरच्या कोपऱ्यांत, एका वेळी पाव फेरा. बोटांना अडल्यासारखं जाणवलं की फार तर आणखी पाव फेरा. जास्त आवळलं की रॅमचा एक चॅनेल दिसेनासा होतो किंवा मशीन सुरूच होत नाही; सगळे स्क्रू सारखेच थोडे सैल करा, परत येतं.

पेस्टऐवजी हनीवेलची पीटीएम७९५० शीट. ती ४५ अंशांच्या आसपास मऊ होते, पहिल्या काही तापण्या-निवण्यात पसरून पातळ होते आणि पेस्टसारखी हळूहळू बाहेर ढकलली जात नाही. झाकणापेक्षा किंचित मोठा तुकडा कापा. फिल्म नीट सुटावी म्हणून शीट पंधरा मिनिटं फ्रिजमध्ये ठेवायची पद्धत आहे, पण पावसाळ्यात इथेही दवबिंदू आडवा येतो: गार शीट उघड्यावर आली की तिच्यावर पाणी धरतं आणि ते ब्लॉकखाली अडकतं. बंद पाऊचमध्ये ठेवा, आणि काम एसी चालू असलेल्या खोलीत करा. लिक्विड मेटल या मशीनला नको. काही अंश मिळतात, पण ती वीजवाहक आहे, अॅल्युमिनिअम खाते आणि उघड्या तांब्यात मुरते. प्रोसेसरचं झाकण उचकटण्याचाही विचार नको. वॉरंटीवर पाणी सोडण्याइतका फायदा रोजच्या कामात नाही.

पाण्याचा फेरा

तांब्याचे ३६० मिमीचे दोन रेडिएटर, सहा पंखे, डी५ पंप, टाकी, निकेल चढवलेला ब्लॉक. २०० वॅटसाठी हे सढळ वाटेल. पण पंखे ८००-९०० फेऱ्यांवर ठेवूनही पाणी खोलीपेक्षा ५-६ अंशच वर राहावं, हा हेतू आहे. मिनिटाला ३ लिटर प्रवाह असला तर ब्लॉकमधून जाताना पाणी एक अंशही तापत नाही. म्हणून रेडिएटर आधी की ब्लॉक आधी, या वादात वेळ घालवू नये; फक्त टाकी पंपाच्या वर हवी. फेऱ्यात अॅल्युमिनिअमचा एकही भाग नको, तांब्याच्या संगतीत तो खाऊन जातो. नळी ईपीडीएम रबराची, आतून १० आणि बाहेरून १६ मिमी. पारदर्शक पीव्हीसी दिसायला छान, पण तिच्यातला प्लास्टिसायझर सुटून ब्लॉकच्या बारीक खाचा बुजवतो.

रेडिएटर बसवण्याआधी डिस्टिल्ड पाण्याने खळखळून धुवा. आत कारखान्यातल्या डाखकामाचा फ्लक्स उरलेला असतो. मग गळती तपासणी हवेने: हातपंपाने ०.५ बार दाब, अर्धा तास. या अर्ध्या तासात एसी सुरू करू नका. खोली ६ अंशांनी उतरली तर गळती नसतानाही काटा ०.०३ बार खाली येतो आणि माणूस उगाच सगळ्या फिटिंग पुन्हा आवळत बसतो. भरायला गंजरोधक मिसळलेलं तयार कूलंट, सुमारे १.२ लिटर. आरओचं पाणी नको, त्यात क्षार उरतातच.

पंखे पाण्याच्या तापमानावर चालवा, कोरच्या नाही. कोर सेकंदात २० अंश उडी मारतो, १.२ लिटर पाण्याला २०० वॅटने एक अंश चढायला, उष्णता अजिबात बाहेर गेली नाही तरी २५ सेकंद लागतात. कोरवर लावलेले पंखे दिवसभर हुंकार देत बसतात. १० किलोओहमचा तापमानाचा सेन्सर टाकीच्या फिटिंगमध्ये बसवून पाणी ३४ अंशांपर्यंत ३० टक्के, ४०ला ६०, ४५ला १००. ५५ला मशीन बंद. डी५ पंप ६० अंशांपर्यंतचाच आहे. पंपाच्या फेऱ्यांची वायर सीपीयू फॅनच्या जागी लावा, म्हणजे पंप थांबला तर बोर्ड ओरडेल.

हिशेब जुळवून पाहा. दिवसा खोली २४, पाणी ३०, कोर ६६. पावसाळ्यातल्या रात्री खोली ३०, पाणी ३६, कोर ७२. मागणी ६५ची होती. रात्रीचे सात अंश जास्त आहेत, पण १०० पासून २८ अंश लांब, आणि पाणी कधीच खोलीपेक्षा गार नाही. चाचणी नुसत्या तापमानावर सोडू नका: रात्रभर ७-झिपची चाचणी आणि वाय-क्रंचर (दोन्ही प्रोसेसरला ताण देणारे प्रोग्राम), मग विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये व्हिया (WHEA), म्हणजे हार्डवेअरच्या चुकीची नोंद आहे का ते पाहा. एकही दिसली तर अंडरव्होल्ट २५ मिलिव्होल्टने मागे.

एक जागा उरते

पाणी खोलीपेक्षा गार नसलं तरी या खोलीत दव पडू शकतं, तेही बंद मशीनवर. रविवारी दुपारी काम संपवून मशीन बंद केलं, एसी आणखी दोन तास चालला, तर लोखंडी केस, रेडिएटर आणि आतलं पाणी सगळं २४ अंशांवर येतं. मग एसी बंद करून खिडकी सताड उघडली की २६ अंशांच्या दवबिंदूची हवा थेट त्याच्यावर येते. एसीच्या डब्यातून प्लॅटफॉर्मवर उतरताना चष्मा धुरकटतो, तसं. चालू मशीन उबदार असल्याने वाचतं, बंद मशीन सापडतं. म्हणून केसच्या आत, खालच्या रेडिएटरपाशी एक साधा थर्मामीटर अडकवायचा. एसी बंद केल्यावर खिडकी तशीच लावून ठेवायची आणि काटा २८च्या वर गेला की उघडायची. घाई असेल तर मशीन चालू ठेवूनच उघडायची. आणि चुकून आधीच उघडली गेली असेल तर बटण दाबायचं नाही. मुख्य स्विच बंद, प्लग बाहेर, केसचं झाकण काढून टेबलफॅन दोन तास.